बोनेट तापतं म्हणून गाडी विकायची का?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी एक लिटर इंजिनाची टर्बो पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. शाळा बारा किलोमीटरवर, म्हणजे रोजचं जाणं-येणं तेवढं. वर्षातून तीन-चार वेळा सासुरवाडीला, चाळीसगावकडे. यंदा मे महिन्यात परत येताना कन्नडचा घाट चढताना गाडीनं दम सोडला, एसी गार हवा देईनासा झाला. वर येऊन थांबले तर बोनेटवर हात ठेववेना. टेम्परेचरचा काटा मात्र मध्यावरच होता. चावी काढल्यावरही पंखा दोन-तीन मिनिटं फिरत राहिला. बायको घाबरली, दोन वर्षांचं लेकरू घामानं भिजलं. तेव्हापासून त्यांचे वडील, अण्णा, म्हणतात की टर्बो ही आपल्या उन्हाची गाडी नाही, विकून टाक आणि डिझेल घे. शहरातल्या एका दुकानदारानं 38 हजारांचा उपाय सांगितला आहे: बोनेट कापून जाळी बसवायची, एक्झॉस्टच्या पाइपला पट्टी गुंडाळायची, टर्बोवर ब्लँकेट घालायचं आणि उघडा एअर फिल्टर लावायचा. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, एवढं कशाला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकू. पत्राच्या शेवटी त्यांनी ओझरतं लिहिलं आहे: "आधीच्या मालकानं समोरचा बंपर बदललेला आहे. खालचं प्लॅस्टिक घासत होतं, ते मी काढून ठेवलं. पंधरा-वीस दिवसांनी कुलंटच्या टाकीत थोडं पाणी टाकावं लागतं. तेवढं सोडलं तर गाडी उत्तम आहे." त्यांचा प्रश्न असा: 38 हजार घालू, की गाडी काढून टाकू?

नमस्कार सर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमच्याबरोबर घाटातच अडकलो. दुसऱ्या वाचनात शेवटच्या चार ओळींपाशी थांबलो. ज्याची तुम्हाला धास्ती बसली आहे ते बहुतेक साधं आहे, आणि "तेवढं सोडलं तर" म्हणून जे तुम्ही बाजूला ठेवलं त्याची मला काळजी वाटते. तरी आधी धास्तीचंच बोलू, कारण ती मनात असली की पुढचं काही ऐकू येत नाही.

एक करून बघा. कडक ऊन असेल त्या दिवशी सकाळपासून उभी असलेली, चालूच न केलेली गाडी दुपारी दोन वाजता गाठा. एक तळहात बोनेटवर ठेवा, एक टपावर. दोन्ही पोळतील. टपाखाली तर इंजिन नाही! परभणी-नांदेडकडे पारा 42-43 वर असतो तेव्हा उन्हातला गडद रंगाचा पत्रा 70 अंशांपर्यंत जातो, आणि माणसाच्या हाताला 50 च्या पुढचं काही धरवत नाही. त्यामुळं बोनेटवर हात ठेववतो की नाही, यावरून इंजिनाच्या तब्येतीचं काहीच कळत नाही. घाट चढून आलेल्या गाडीचं बोनेट तापलेलंच असणार. पेट्रोलमधली जेमतेम एक तृतीयांश ताकद चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते.

टर्बो त्यात भर घालतो, हे खरं आहे. इंजिनातून निघालेल्या जळक्या वायूवर एक छोटं चाक फिरतं, त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. पेट्रोल इंजिनात तो वायू पूर्ण जोरावर 900 अंशांच्या आसपास असतो आणि ती दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. एवढं सगळं तुमच्या बोनेटखाली, बॅटरीपासून हातभर अंतरावर चाललेलं असतं. शिवाय हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक कसं गरम होतं, तसंच. बाहेरची 42 अंशांची हवा दुप्पट दाबली तर ती 130 अंशांच्या घरात जाते. ती गार करायला इंटरकूलर असतो. हवा दर 10 अंशांनी तापली की सुमारे 3 टक्के विरळ होते, म्हणजे तेवढी ताकद गेली. वर पेट्रोल इंजिनात ठोका येऊ नये, म्हणजे पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकायला लागतो, तिथं आणखी जाते. मे महिन्यात, चार माणसं बसवून, एसी लावून चढताना गाडी ओढत नाही असं वाटलं त्यातला बराचसा भाग हा एवढाच आहे. जानेवारीत हीच गाडी त्याच घाटात वेगळी वाटेल.

चावी काढल्यावर पंखा फिरत राहणं हे दुखणं नव्हे, ती सोय आहे. गाडी थांबली की समोरून येणारा वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण टर्बोचं लोखंड तापलेलंच असतं. पुढची दहा-पंधरा मिनिटं बोनेटखालची उष्णता उलट वाढते. गाडी चालताना असते त्याहून जास्त. म्हणून कंपन्या पंखा चालू ठेवतात, काही गाड्यांत एक वेगळा विजेचा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो. तो आवाज ऐकून घाबरू नका. उलट एरवी फिरणारा पंखा एखाद्या दिवशी फिरला नाही तर चौकशी करा.

आता अण्णांचं म्हणणं. टर्बो आपल्या उन्हाची नाही असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना आदरानं एवढंच दाखवा: दारावरून जाणारा उसाचा ट्रक, शेजाऱ्यांची बोलेरो, तुमच्या तालुक्याच्या स्टँडवरची नवी एसटी, सगळ्यांच्या इंजिनावर टर्बो आहे. त्या वर्षानुवर्षं याच उन्हात पळतात. ज्या डिझेलचा ते आग्रह धरतात तिच्यावरही टर्बो असणारच. आणि तुमच्यासाठी डिझेलमध्ये एक वेगळीच अडचण आहे. बीएस-6 डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो ती काजळी 600 अंशांच्या आसपास जाळून, आणि त्यासाठी गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. रोज बारा किलोमीटर जाऊन उभ्या राहणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मग फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गॅरेजच्या चकरा सुरू होतात. तुमच्या रोजच्या वापराला पेट्रोलच बरी.

पण अण्णांच्या बोलण्यात टर्बोच्या आड आणखी काहीतरी आहे असं मला वाटतं. त्यांच्या पिढीनं घाटात उकळलेल्या जीपा पाहिल्या आहेत. दगड लावून उभी केलेली गाडी, वाफ, आणि पाण्याचा डबा घेऊन खाली ओढ्याकडं पळणारा क्लीनर. नातवाला घेऊन तुम्ही भर दुपारी रस्त्यात अडकाल, ही त्यांची भीती आहे. तिला "अण्णा, तुम्हाला काही कळत नाही" हे उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या गाडीच्या बाबतीत ती भीती पूर्ण चुकीची नाही.

कारण पाणी. पंधरा-वीस दिवसांनी टाकीत पाणी टाकावं लागतं, असं तुम्ही लिहिलंत. सर, आजच्या गाडीची कुलंटची व्यवस्था बंद असते. तिच्यात वर्षभरात बोटभर फरक पडला तर ठीक, दर पंधरवड्याला पाणी मागणारी गाडी कुठून तरी ते गमावते आहे. एखादी ढिली क्लिप असेल, टाकीला केसाएवढी चीर असेल, वॉटर पंपाचं सील असेल, टर्बोला पाणी नेणाऱ्या बारीक नळीचा जोड असेल. किंवा मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. यातलं पहिलं काही शे रुपयांत आटपतं आणि शेवटचं इंजिन उघडायला लावतं. म्हणून 38 हजारांचा विचार करण्याआधी हे शोधायला हवं.

शोधायचं कसं, तर इंजिन पूर्ण गार असताना सकाळी टाकीवरची पातळी पाहा आणि बाहेरून मार्करनं रेघ मारून तारीख लिहा. टॉर्च घेऊन प्रत्येक जोडापाशी वाळलेला डाग शोधा. कुलंट उडून जातं, पण त्याचा रंग मागं राहतो: हिरवट, गुलाबी किंवा पांढरट पावडरीसारखा थर. गाडीत किंवा बोनेटपाशी गोडसर वास येतो का बघा. पायाखालचं मॅट ओलसर असेल तर हीटरची जाळी गळते आहे. मग चांगल्या गॅरेजात प्रेशर टेस्ट करायला सांगा. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरतात आणि पंधरा मिनिटं तो टिकतो का पाहतात. बाहेर काहीच गळत नसेल आणि तरी पाणी कमी होत असेल, तर ब्लॉक टेस्ट मागा. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात. इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर ते निळं पिवळं पडतं. ही दोन्ही कामं तासाभरात होतात.

टाकीचं झाकणही तपासून घ्या. दिसायला ते प्लॅस्टिकचं साधं बूच वाटतं, पण आतला दाब तेच धरतं, साधारण 1.1 बार किंवा त्याच्या आसपास. उघड्यावर निम्मं कुलंट-निम्मं पाणी हे मिश्रण 107-108 अंशांना उकळतं. चांगल्या झाकणाखाली तेच 125 च्या पुढं जातं. झाकणाचं रबर मेलं की मधल्या सतरा-अठरा अंशांची राखण गेली. आणि ते गरम असताना कधीही उघडू नका. घरात कुणालाही उघडू देऊ नका.

तुम्ही टाकता ते पाणी कुठलं, हे पत्रात नाही. बोअरचं असेल तर आजपासून बंद करा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं कळशीला, गिझरला, सोलरच्या नळीला पांढरी खपली धरते ती तुम्ही रोज पाहता. तीच खपली रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत आणि टर्बोच्या भोवतीच्या बोटभर जागेत धरते. "साधं पाणी कुलंटपेक्षा जास्त गार करतं" असं मिस्त्री म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. उष्णता वाहून न्यायला पाणी सरसच. पण कुलंट घालतात ते पाणी उशिरा उकळावं, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाऊ नये आणि खपली धरू नये म्हणून. गळती सापडली की सगळं काढून, धुऊन, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचं कुलंट भरा. मिसळायला बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. वेगवेगळ्या जातीची कुलंटं एकत्र करू नका.

आणि काट्यावर विसंबू नका. हल्लीच्या गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी 80 अंश असो वा 100, तो मध्यावरच. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. त्याला लावायचं बोटभर यंत्र मिळतं, मोबाइलवर खरे आकडे दिसतात. त्यात दोनच आकडे पाहा. कुलंट सपाट रस्त्यावर 85 ते 100 मध्ये आणि गर्दीत किंवा घाटात 105 पर्यंत जाऊन पंखा लागल्यावर खाली येत असेल, तर गाडी ठणठणीत आहे. 110 ओलांडून वरच जात राहिलं तर थांबा. दुसरा आकडा इंजिनात शिरणाऱ्या हवेचा. मोकळ्या रस्त्यावर तो बाहेरच्या हवेपेक्षा दहा-वीस अंशांनी जास्त असतो. पळत्या गाडीत तो सतत तीस-चाळीसनं जास्त दिसला तर इंटरकूलरपर्यंत वारा पोचत नाही असं समजा.

आता बंपर. घाटात दोन गोष्टी एकदम झाल्या, गाडीचा दम गेला आणि एसी गेला. दोन्हींचं मूळ एक असू शकतं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे गाडीतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या अगदी पुढं असतो. वारा तोच, पंखा तोच. पाणी फार तापलं की गाडी स्वतःहून एसीचा कॉम्प्रेसर बंद करते. एसी गरम मारायला लागणं हा काट्याच्या आधी मिळालेला इशारा असतो. आणि ज्या गाडीचा बंपर बदलला आहे, तिथं मी सगळ्यात आधी वाऱ्याची वाट बघतो.

माझी बरीच वर्षं जालन्यात गाड्यांच्या कामात गेली. तिथं एकदा एक टर्बो गाडी आली होती. मालकाची तक्रार तुमच्यासारखीच. रेडिएटर बदलून झाला होता, पंखा बदलून झाला होता. समोरून जाळीतून टॉर्च मारला तर कंडेन्सर लख्ख. बंपर काढला, कंडेन्सरचे दोन बोल्ट ढिले करून तो जरासा पुढं ओढला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत कापूस होता. थर नव्हे, गादी. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यानं ट्रॉल्यांमागून रोज जाणारी गाडी. तंतू कंडेन्सरच्या जाळीतून आरपार गेले आणि रेडिएटरवर अडकले. त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यावर पावसाळ्यातले किडे. चिमटीत धरून ओढली तर ती गादी वाळलेल्या गोवरीसारखी अखंड निघाली, आणि तिच्या मागच्या बाजूला रेडिएटरच्या पत्र्यांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. त्या दिवशी त्या गाडीला एकही नवा भाग लागला नाही.

आपला भाग कापसाचा आहे, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितो. दरवर्षी मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, ही फट उघडून साफ करून घ्या. पाणी इंजिनाच्या बाजूनं समोरच्या दिशेला मारायचं, म्हणजे जे जसं आत गेलं तसं बाहेर येतं. धार साध्या नळीची ठेवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं पातळ पत्र्या झोपतात, आणि झोपलेल्या पत्र्यांतून वारा जात नाही. इंटरकूलर समोर असेल तर तोही असाच.

बंपर बदलताना आणखी एक गोष्ट हरवते. जाळीतून आलेला वारा सरळ रेडिएटरमध्येच जावा, बाजूनं निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे आणि वर-खाली फोमच्या पट्ट्या असतात. ठोकलेली गाडी दुरुस्त करताना त्या मोडलेल्या असतात. नव्या मागवायला वेळ लागतो, म्हणून तशाच सोडतात, बाहेरून काही दिसत नाही. वारा सोप्या वाटेनं बाजूनं निघून जातो आणि रेडिएटर उपाशी राहतो. तुमच्या गाडीचे ते पडदे आहेत का, हे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, न ठोकलेल्या गाडीशेजारी उभी करून बघा. जाळीसमोर जादा दिवे किंवा मोठी पट्टी बसवली असेल तर तीही काढा.

खालचं प्लॅस्टिक तर तुम्ही स्वतःच काढून ठेवलंय. ते फक्त चिखल अडवायला नसतं. समोरून आलेला वारा रेडिएटरमधून जाऊन ठरलेल्या वाटेनं गाडीखाली निघावा, हेही काम ते करतं. घासत होतं म्हणजे त्याची क्लिप तुटली असणार. क्लिपा आणून परत लावा. तसंच टर्बोवरचा पत्र्याचा पन्हाळीसारखा कव्हर जागेवर आहे का बघा. तो खडखडायला लागला की कित्येकदा काढून कोपऱ्यात टाकतात. मग शेजारची वायर, होज, बॅटरी भाजते. मिस्त्रीला पंखा दोन्ही स्पीडवर चालवून दाखवायला सांगा. एक स्पीड गेलेला असला तरी पंखा फिरताना दिसतो आणि कुणाला शंका येत नाही.

38 हजारांचं आता बोलतो. त्या दुकानदाराला मी फसवा म्हणत नाही. त्यातल्या काही गोष्टी रेसच्या गाड्यांवर खरोखर उपयोगी असतात. पण तुमच्या गाडीत जे हरवलंय ते परत न लावता वरून काही चढवणं म्हणजे गळक्या माठाला ओलं फडकं गुंडाळणं. बोनेट कापायला माझा सरळ विरोध आहे. जाळी कुठं बसते यावर सगळं असतं. पळत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथं भोक पाडलं तर गरम हवा बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची आत शिरते. पावसाळ्यात इग्निशन कॉइलवर पाणी पडतं ते वेगळंच. नोंदणीत आहे त्याहून गाडीत फेरबदल करायला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. बोनेट मागून उचलायला बिजागरीखाली वॉशर घालतात, तेही नको. एसी जिथून बाहेरची हवा घेतो ती जागा तिथंच आहे. इंजिनाचा धूर आणि वास लेकराच्या नाकात जाईल.

पट्टी गुंडाळण्याचं जरा समजून घ्या. ती उष्णता नाहीशी करत नाही, पाइपातच कोंडते. बाहेर कमी जाणवतं, पण पाइपाचं लोखंड जास्त तापतं, तडकतं. पावसाचं पाणी पट्टीत मुरून गंज चढतो. तेल गळून पट्टीत जिरलं तर पेट घेण्याची भीती. शिवाय अनेक छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्या, हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याच्याभोवती पाणी फिरतं. गुंडाळायला तिथं काही उरतच नाही. ब्लँकेट त्यातल्या त्यात बरं, पण कंपनीचा पत्रा जागेवर असेल तर तुमच्या वापराला त्याची गरज नाही. उघडा फिल्टर तर उलटं काम करेल. मूळ डबा जाळीमागून गार हवा ओढतो, उघडा फिल्टर बोनेटखालची तापलेली. आवाज छान येतो, ताकद जाते.

थर्मोस्टॅट काढू देऊ नका. हा सल्ला आपल्याकडं इतका सर्रास दिला जातो की मला त्याचं दुःख होतं. थर्मोस्टॅट नसला तर सकाळी बारा किलोमीटरच्या तुमच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची दुसरी, आखूड वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी. निम्मंशिम्मं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. म्हणजे ज्या घाटासाठी काढला त्याच घाटात गाडी जास्त तापते. अडकला असेल तर नवा घाला.

चालवण्याचंही थोडं सांगतो. टर्बो गाडी कमी फेऱ्यांतही जोर देते, म्हणून घाटात आपण चौथ्या गिअरमध्ये 1500 फेऱ्यांवर एक्सलरेटर दाबून रेटत राहतो. इंजिनावर ओझं सगळ्यात जास्त आणि पाण्याचा पंप सगळ्यात हळू, अशी ती वेळ असते. तिसऱ्यात, लागलं तर दुसऱ्यात या, 2500-3000 फेरे ठेवा. आवाज वाढेल, वाढू द्या. एसी एका टप्प्यापुरता बंद करावा लागला तर करा. खरंच तापली, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पूर्ण पंख्यावर. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. लेकराला त्रास होईल, पण पाच मिनिटांचा. वाफ दिसली किंवा तांबडा दिवा लागला तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद, सगळे खाली, सावलीत.

घाट चढून किंवा समृद्धीवरून सलग पळून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, नाहीतर मिनिट-दोन मिनिटं जागेवर चालू ठेवून मग चावी काढा. टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल एकदम थांबलं तर तिथंच जळून कोळसा धरतं. रोजच्या शाळेच्या फेरीला याची गरज नाही. ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं आणि वेळेच्या आत बदला. उन्हाळा आहे म्हणून जाड घालू, असं कुणी म्हणालं तरी घालू नका.

आणखी एक, विशेषतः शेतात गाडी नेणाऱ्या सगळ्यांसाठी. तापलेली गाडी पाचटावर, कडब्यावर, वाळल्या गवतावर उभी करू नका. खालचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येक शे अंश तापलेला असतो आणि वाळलेलं पाचट त्याला टेकायला वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून उंदरानं घरटं केलंय का, सर्व्हिसिंगवाल्याचं फडकं राहिलंय का, हे बघून घ्या.

राहिला विकायचा प्रश्न. मी तुमच्या जागी असतो तर आज विकली नसती आणि 38 हजारही घातले नसते. आधी गळती, मग वाऱ्याची वाट, मग पंखा, याच क्रमानं गेलो असतो. ब्लॉक टेस्टमध्ये निळं पिवळं झालं तर गोष्ट बदलते. तेव्हा हेड वाकलं आहे का ते कळल्यावर खर्चाचा अंदाज घ्यायचा आणि मग विकण्याचा विचार रास्त ठरेल. विकलीत तर घेणाऱ्याला पाण्याचं सांगूनच विका. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांना या कामात सोबत घ्या. प्रेशर टेस्टच्या वेळी गॅरेजमध्ये त्यांना खुर्ची टाकून बसवा, दाबाचा काटा पंधरा मिनिटांत हलतो का ते त्यांनाच पाहू द्या. पुढच्या वेळी घाट चढताना ओबीडीचा मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि आकडा मोठ्यानं वाचायला सांगा. त्यांच्या काळात पाण्याचा डबा हातात असायचा, आता हा असू दे.

टाकीवरच्या रेघेची तारीख, पंधरा दिवसांनी पातळी किती उतरली, आणि पावडरीसारखा डाग सापडला तर कुठल्या जोडापाशी, एवढं मला कळवा. बंपर उघडलात तर त्या फटीत काय निघालं तेही लिहा.